महाकवी आणि प्रत्यर्थी

परक्यांच्या विसरलेल्या देवांची काव्ये आपण कशासाठी वाचावीत, हा प्रश्न देवस्थानाशी निष्ठा ठेवून राहणाऱ्या कुटुंबांतून अनेकदा विचारला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. घरात पांडवप्रतापाची पोथी आहे, ज्ञानेश्वरीचे पारायण आहे, देवळात कीर्तन आहे. एवढ्याच शब्दांना एक जन्म पुरत नाही. मग ज्या झ्यूसला आज कोणी नैवेद्य दाखवीत नाही आणि ज्या अथीनेच्या भग्न देवळांतून केवळ प्रवासी हिंडतात, त्यांच्या कलहात आपण आयुष्याची वर्षे का घालवावीत? शिवाय हे देव तरी कसे? मत्सराने पेटणारे, कपट करणारे, माणसांच्या युद्धात पक्ष घेऊन उतरणारे. सात्त्विक वृत्तीच्या वाचकास यांतून काय लाभावयाचे?

थोर वाङ्मय साऱ्या मानवजातीचे असते, हे यावरचे ठरीव उत्तर होय. ते खोटे नाही. पण वकिली पेशात दिवस काढणाऱ्या माणसाचे अशा व्यापक विधानाने समाधान होत नाही. दावा जितका मोठा तितका पुरावा पातळ, असा आमचा अनुभव आहे. म्हणून आमचे उत्तर जाणूनबुजून अरुंद ठेवीत आहोत. दुसऱ्या बाजूचेही ऐका, अशा अर्थाचे एक लॅटिन सूत्र कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असते. नैसर्गिक न्यायाचा निम्मा भार त्यावर उभा आहे. आमचे म्हणणे एवढेच की, न्यायासनासमोर या सूत्राची जी कसोटी लागते तिच्याहून कठीण कसोटी रणांगणावर लागते. आणि ग्रीक व रोमन महाकवी त्या कसोटीस उतरले आहेत. जो शत्रू आपल्या हातून मेला, त्याची बाजू ऐकून घेण्याची विद्या ही काव्ये शिकवितात. ही विद्या आमच्या महाभारतातही आहे. पण घरातल्या देव्हाऱ्यातील मूर्तीचे शिल्प आपण पाहत नाही, केवळ हात जोडतो, तसे आमचे महाभारताच्या बाबतीत झाले आहे. परक्या काव्यापुढे हात जोडले जात नाहीत, म्हणून तेथे डोळे उघडे राहतात.

प्रथम या काव्यांची थोडी ओळख. होमरच्या नावावर 'इलियड' आणि 'ओडिसी' अशी दोन काव्ये आहेत. दोहोंचे सर्ग २४. पहिल्याच्या ओळी पंधरा हजारांहून अधिक, दुसऱ्याच्या बारा हजारांच्या घरात. रोमचा कवी व्हर्जिल ख्रिस्तपूर्व ७० मध्ये जन्मला आणि ख्रिस्तपूर्व १९ मध्ये वारला. त्याच्या 'इनीड' काव्याचे सर्ग १२ आणि ओळी दहा हजारांस थोड्या कमी. तिन्ही काव्यांचे वृत्त एकच, आणि गणवृत्तांची सवय असलेल्या मराठी वाचकास ते समजाविणे फार सोपे आहे. ओळीत सहा गट. प्रत्येक गट म्हणजे आपला भगण, एक गुरू आणि मागून दोन लघू. दोन लघूंच्या ऐवजी एक गुरू आला तरी चालतो, आणि शेवटचा गट दोनच अक्षरांचा. इंग्रज विद्यार्थ्यास हे वृत्त कानात बसविण्यासाठी कष्ट पडतात, कारण त्याच्या भाषेतील पद्य आघातावर चालते. गुरुलघूंचा काळ मोजण्याची त्यास सवय नसते. मोरोपंतांच्या आर्या आणि शार्दूलविक्रीडिताचे श्लोक ऐकत वाढलेल्या मुलास तो कान वारशाने मिळालेला असतो. संस्कृत येत असेल तर आणखी एक आनंद पदरी पडतो. भूतकाळी धातूच्या आधी लागणारा 'अ' हा आगम ग्रीकमध्ये 'ए' होऊन भेटतो, द्विवचन भेटते, आणि दुरावलेली चुलत भावंडे एकमेकांस चेहऱ्यावरून ओळखतात तसे काहीसे होते. परकेपणाची तक्रार निदान व्याकरणापुरती तरी टिकत नाही.

'इलियड'चा पहिलाच शब्द क्रोध या अर्थाचा आहे. अकिलीसचा क्रोध हाच त्या काव्याचा विषय. ट्रॉयचे युद्ध ही त्याची पार्श्वभूमी. हे वाचताना आम्हां मंठाळकरांस आमच्याच मातीतल्या एका ग्रंथाची आठवण होते. मंठाळ बसवकल्याण तालुक्यात मोडते. जवळचे हे कल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी. तेथे सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत, म्हणजे १०७६ ते ११२६ या काळात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. बंगालसारखा प्रदेश सोडला तर हिंदुस्थानातील बहुतेक हिंदूंच्या वारसाहक्काचे निर्णय शतकानुशतके तिच्या आधाराने झाले, आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरही एकत्र कुटुंबाच्या दाव्यांत तिचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. त्या स्मृतीच्या व्यवहाराध्यायाच्या आरंभीच राजास बजाविले आहे की, विद्वानांना सोबत घेऊन त्याने लोकांचे वाद पाहावेत, पण क्रोध आणि लोभ टाकून पाहावेत. पुढे कामकाजाची पद्धत दिली आहे. अर्थी जे सांगेल ते प्रत्यर्थीच्या समक्ष लिहून घ्यावयाचे, आणि प्रत्यर्थीचे उत्तर अर्थीच्या समक्ष. ज्याच्याविरुद्ध फिर्याद आहे तो समोर उभा असल्यावाचून फिर्यादीस तोंड फुटता कामा नये, असा हा दंडक. ग्रीकांचे काव्य क्रोधापासून सुरू होते, आणि आमचे न्यायशास्त्र क्रोध उंबऱ्याबाहेर ठेवण्यापासून. या दोहोंना जोडणारी वाट 'इलियड'मध्येच सापडते.

त्या काव्याच्या अठराव्या सर्गात अग्निदेव हेफायस्टस अकिलीससाठी नवी ढाल घडवितो आणि तिच्यावर दोन नगरे कोरतो. एका नगरात चव्हाट्यावर खटला चालला आहे. एका मनुष्याचा वध झाला आहे, आणि त्याच्या रक्ताच्या भरपाईबद्दल दोघे भांडत आहेत. एक म्हणतो देणे पुरे फेडले, दुसरा काही घ्यावयास तयार नाही. लोक दोन्ही बाजूंनी ओरडत आहेत, भालदार त्यांस आवरीत आहेत. वृद्ध पंच घासून गुळगुळीत केलेल्या दगडांवर वर्तुळात बसले आहेत आणि एकेक जण हातात दंड घेऊन उठून निर्णय सांगतो. मध्यभागी सोन्याची दोन मापे ठेवलेली आहेत. ज्याचा निर्णय सर्वांत सरळ ठरेल त्याची ती. युरोपच्या वाङ्मयात न्यायसभेचे याहून जुने चित्र आमच्या पाहण्यात नाही. मौज अशी की, निकाल काय लागला ते होमर सांगत नाही. सूडाने आंधळा झालेला अकिलीस ती ढाल हाती घेऊन रणात उतरतो, आणि जिच्यावर खूनखटल्याचा शांत विचार कोरला आहे त्याच ढालीआडून तो दिसेल त्यास कापीत सुटतो.

त्याच्या हातून हेक्टर पडतो. हेक्टर हा ट्रॉयचा राजपुत्र, म्हणजे कवीच्या दृष्टीने शत्रुपक्षाचा सेनानी. होमर ग्रीक, त्याचे श्रोतेही ग्रीक. तरीही सहाव्या सर्गात हेक्टर आपल्या पत्नीचा निरोप घेतो तेव्हा तान्हे मूल बापाच्या शिरस्त्राणावरचा तुरा पाहून भिते आणि रडू लागते, आणि आईबाप दोघेही हसतात. बाप शिरस्त्राण काढून खाली ठेवतो व मुलास उचलून घेतो. ज्याला पुढे मारावयाचे आहे त्याच्या घरातला हा क्षण कवीने त्याच्या शत्रूंच्या मुलांना ऐकविला. युद्धकाव्यात यासारखे धाडस क्वचित आढळते. मेल्यावरही हेक्टरची सुटका नाही. अकिलीस त्याचे प्रेत रथामागे बांधून दिवसेंदिवस फरफटवितो. शेवटी वृद्ध प्रायम राजा रात्री शत्रूच्या तळात येतो, अकिलीसचे पाय धरतो, आणि ज्या हातांनी त्याचे पुत्र मारले त्याच हातांचे चुंबन घेतो. तो एवढेच म्हणतो की, तुझ्या बापाची आठवण कर, तोही माझ्याच वयाचा आहे. मग दोघेही रडतात, एक मुलासाठी, दुसरा बापासाठी आणि गेलेल्या मित्रासाठी. लाकडी घोड्याची कथा 'इलियड'मध्ये असेल या अपेक्षेने वाचणाऱ्यांची येथे निराशा होते. घोडा नाही, ट्रॉयचा पाडाव नाही, विजयाचा जल्लोष नाही. चोवीस सर्गांचे काव्य शत्रूच्या अंत्यसंस्कारावर संपते.

'ओडिसी'मधील एक जागा तर आम्हांस याहूनही अधिक वाटते. ट्रॉय जिंकून परतणारा ओडिसियस एका परक्या राजाच्या सभेत बसला आहे, आणि तेथला आंधळा गायक नेमका ट्रॉयच्या पाडावाचा पवाडा गातो. घोड्याची युक्ती ओडिसियसचीच; म्हणजे ही त्याचीच कीर्ती. ती ऐकून तो रडू लागतो. कसा रडतो? होमर उपमा देतो, ती अशा एका स्त्रीची, जिचा नवरा आपले गाव राखताना नुकताच पडला आहे. ती त्याच्या देहावर पडून आक्रोश करीत आहे आणि मागून शत्रूचे शिपाई भाल्याच्या दांड्यांनी तिला ढोसून दासी करून नेत आहेत. ट्रॉयमध्ये हे ज्यांनी केले त्यांचा तर हा अग्रणी! जेत्याच्या डोळ्यांत कवीने जितांचे अश्रू घातले, आणि त्याबद्दल एका शब्दाचेही स्पष्टीकरण दिले नाही.

व्हर्जिलची अडचण निराळी होती. तो सम्राट ऑगस्टसच्या काळातला. रोमच्या साम्राज्याचा उगम थोर ठरवील असे काव्य त्याच्याकडून अपेक्षित होते, आणि ते त्याने लिहिलेही. पण चौथ्या सर्गात कार्थेजची राणी डायडो येते आणि राष्ट्रकाव्याची सारी घडी विस्कटते. इनियस दैवी आज्ञा पाळून तिला सोडून जातो, ती चितेवर चढते. आणि वाचकाचे मन आज्ञापालन करणाऱ्याबरोबर जहाजावर चढत नाही, किनाऱ्यावरच राहते. रोमन श्रोत्यांच्या लेखी कार्थेज म्हणजे काय? ज्याच्याशी तीन युद्धे करून अखेर ख्रिस्तपूर्व १४६ मध्ये ज्याची राख केली, ते नगर. सहाव्या सर्गात परलोकात इनियस तिला भेटतो, रडतो, समजूत घालू पाहतो. ती बोलत नाही. तोंड फिरवून निघून जाते. वकिलीच्या धंद्यात आम्ही पुष्कळ जबाब ऐकले, पण यासारखा ऐकला नाही. काव्याचा शेवट तर त्याहून कठोर आहे. पराभूत टर्नस जमिनीवर पडून प्राणांची भीक मागतो. शरण आलेल्यास वाचवावे आणि उन्मत्तास दंडावे, असा उपदेश इनियसला बापाच्या आत्म्याने केलेला असतो. इनियसचा हात क्षणभर थांबतोही. इतक्यात आपल्या मारल्या गेलेल्या तरुण सोबत्याचा पट्टा टर्नसच्या खांद्यावर त्यास दिसतो, क्रोध उसळतो आणि तलवार चालते. तेथेच काव्य संपते. रोमच्या मूळपुरुषाची अखेरची कृती म्हणजे क्रोधाच्या भरात केलेला शरणागताचा वध! हे सम्राटाच्या कवीने लिहावे आणि सम्राटाने ते प्रसिद्ध होऊ द्यावे, याचे आम्हांस राहून राहून नवल वाटते. आपले काव्य जाळून टाकावे अशी व्हर्जिलची मरणसमयीची इच्छा होती म्हणतात. ती ऑगस्टसनेच मोडली.

आता आमच्या घराकडे वळू. भीमाने गदायुद्धाचा नियम मोडून दुर्योधनाच्या मांड्या फोडल्या, तेव्हा पडल्या जागेवरून दुर्योधन पांडवपक्षाच्या अधर्मांची यादीच वाचतो. आणि व्यास काय करतात? त्याच्या बोलण्याच्या अखेरीस आकाशातून त्याच्यावर पुष्पवृष्टी करवितात, आणि पांडव लाजेने माना खाली घालतात. कीर्तनांत हा प्रसंग आम्ही फार थोड्या वेळा ऐकला आहे. स्त्रीपर्वात शंभर पुत्र गमावलेली गांधारी रणभूमी पाहते; ती आपल्या मुलांसाठी रडते हे स्वाभाविक, पण अभिमन्यूच्या देहाशी बसलेल्या उत्तरेचेही दुःख ती बोलून दाखविते. अभिमन्यू शत्रूचा मुलगा. आणि युधिष्ठिर विदुरादिकांस आज्ञा देतो की, ज्यांचे कोणी उरलेले नाही अशा दोन्ही बाजूंच्या मृतांना अग्नी द्यावा. पारायणाच्या वेळी आम्ही हे सारे वाचतो, पण फलश्रुतीकडे लक्ष ठेवून वाचतो. पुण्य पदरी पडते आणि गांधारी हातातून निसटते.

ख्रिस्तोत्तर पहिल्या-दुसऱ्या शतकांतील डायो क्रायसोस्टम नावाच्या ग्रीक वक्त्याने एक चमत्कारिक गोष्ट नमूद केली आहे. हिंदुस्थानातील लोक होमरचे काव्य आपल्या भाषेत करून गातात, असे तो म्हणतो. त्याच्या कानी महाभारताची वार्ता गेली असावी असा कित्येक पंडितांचा तर्क आहे. तो खरा धरला तर, डायोने ओळखीची खूण म्हणून काय सांगितले ते पाहा: प्रायमची दुःखे, अँड्रोमाकी आणि हेक्युबा यांचा विलाप, आणि मग अकिलीस व हेक्टर यांचे शौर्य. म्हणजे शौर्याच्या आधी शोक, आणि तोही पराभूतांच्या घरचा! दोन काव्यांतले साम्य त्या ग्रीकास जेत्यांच्या पराक्रमावरून पटले नाही, आक्रोशावरून पटले.

कोकणी बांधवांना या विषयाची एक जवळची बाजू ठाऊक असेल. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली. देवांना घेऊन आमची कुटुंबे जुवारीपलीकडे अंत्रुजात आली, आणि मागे राहिलेल्यांच्या हातून पोथ्या काढून घेण्यात आल्या. व्हर्जिल ज्यांच्या शाळांत पढविला जाई त्या जेझुइटांपैकी थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ मध्ये गोव्यास आला. पुराणांवाचून या लोकांचे मन उपाशी राहते हे त्याने ओळखले आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' मराठीत रचले; ते १६१६ मध्ये छापले गेले. हेतू धर्मप्रसाराचा होता, हे झाकण्याचे कारण नाही. पण दुसऱ्यास जिंकावयाचे तरी त्याच्या ओवीत बोलावे लागते, ही कबुली त्यात आहे. याहून विलक्षण गोष्ट पोर्तुगालमधील ब्रागा येथे आहे. तेथे जतन झालेल्या जुन्या हस्तलिखितांत रामायण-महाभारतातील कथा कोकणीत, रोमी लिपीत उतरविलेल्या आहेत. प्रतिपक्षाचे खंडन करण्यासाठी प्रथम त्याचे म्हणणे लिहून घेतले, आणि त्या लिहून घेण्यामुळेच त्या काळच्या कोकणी गद्याचा एक मोठा ठेवा वाचला. पोथ्या काढून घेणारे आणि पोथ्या उतरविणारे एकाच छावणीतले. याचा निवाडा कसा करावयाचा? आम्ही तो करीत नाही. दोन्ही गोष्टी कागदावर असाव्यात एवढाच आमचा आग्रह.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली आणि १९६६ मध्ये मूळ पाठ पुरा केला. ग्रीक-लॅटिन ग्रंथांचे पाठ शोधण्यासाठी युरोपात घडलेली पद्धत डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर बर्लिनला शिकले होते. आमच्या इतिहासाच्या विस्तारास ती जशीच्या तशी लागू पडत नाही हे पाहून त्यांनी तिला मुरड घातली. हस्तलिखिते म्हणजे साक्षीदार. कोण कोणाचे ऐकून बोलतो हे पाहून त्यांची उलटतपासणी. परंतु जे पाठ स्वीकारले नाहीत तेही टाकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत छापले. अमान्य झालेली साक्षही नोंदीत राहिली.

हे महाकवी सर्वांचेच ऐकतात असे मात्र समजू नये. 'ओडिसी'च्या बाविसाव्या सर्गात घरातील बारा दासींना चौकशीवाचून फासावर लटकाविले जाते, आणि होमर त्यांस एक वाक्यही बोलू देत नाही. आमच्या एकलव्यासही अंगठ्याच्या बदल्यात काही विचारण्याची संधी मिळाली नाही. शत्रू राजा असेल तर त्याची बाजू ऐकली जाते. दासी आणि निषाद यांची पाळी येता येता राहते. देवांविषयीच्या आक्षेपाबद्दल इतकेच सांगावयाचे की तो जुना आहे. होमरने देवांना हीन दाखविले म्हणून प्लेटोने त्याच्या काव्यास आपल्या आदर्श नगरात थारा दिला नाही. चौथ्या शतकातील संत बेसिल याने मात्र ख्रिस्ती तरुणांना सांगितले की, मधमाशी सगळ्याच फुलांवर बसत नाही आणि बसते त्यांतलेही सारे घेत नाही, तसे ग्रीक कवींना वाचा. ज्युपिटरला न मानणाऱ्या मठवासीयांनीच ज्युपिटरची काव्ये हाताने उतरवून आपल्यापर्यंत आणली. त्यांचा विश्वास त्यामुळे ढळला नाही. आमचा ढळेल अशी भीती बाळगणे म्हणजे आमच्या विश्वासास फार नाजूक ठरविणे होय.

आता ज्यासाठी हे सारे लिहिले तो मुद्दा. आमच्या तालुक्यात गोरटा नावाचे गाव आहे. १९४८ मध्ये, निजामी राजवटीच्या अखेरच्या महिन्यांत, रझाकारांनी तेथे हिंदूंची कत्तल केली. त्या मृतांचे स्मारक आज तेथे उभे आहे आणि ते असावयासच हवे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात भारतीय सैन्य आले, हैदराबाद संस्थान संपले. १७ सप्टेंबर हा दिवस सीमेच्या दोन्ही बाजूंना साजरा होतो. पण कथा तेथे संपत नाही. त्या विजयानंतरच्या आठवड्यांत आमच्याच चार जिल्ह्यांत, म्हणजे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड येथे, मुसलमान रहिवाशांची जी हत्या झाली तिची चौकशी करण्यासाठी पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ पाठविले. साऱ्या संस्थानातील मृतांचा त्यांचा अंदाज, हात राखून केलेला, २७ ते ४० हजारांचा होता, आणि सर्वाधिक हानी त्यांनी याच चार जिल्ह्यांत नोंदविली. हा अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला आणि २०१३ च्या सुमारास लोकांसमोर आला. गोरट्याच्या मृतांची कथा आमच्या भागात आजोबा नातवास सांगतात. या दुसऱ्या मृतांची सांगत नाहीत.

येथे आमच्या काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल हे आम्ही जाणतो. जुलूम आधी कोणी केला, असे ते विचारतील. आणि तो प्रश्न रास्त आहे, क्रम महत्त्वाचा आहे. पण शेतावर राबणाऱ्या अथवा मागावर बसणाऱ्या मनुष्याने रझाकारांच्या अपराधाचे देणे का फेडावे, याचे उत्तर त्या क्रमातून निघत नाही. कल्याणच्या विज्ञानेश्वराने हे उत्तर मान्य केले नसते, कारण जो अपराधी म्हणून समोर उभाच केलेला नाही त्याच्याविरुद्ध निर्णय देण्यास त्याच्या पद्धतीत जागा नाही. प्रत्यर्थीचे ऐकणे म्हणजे त्यास निर्दोष सोडणे नव्हे. हे आम्हांस रोज अशिलांना समजावून सांगावे लागते, आणि त्यांना ते रोज पटत नाही. त्याच अहवालात एक तपशील आहे, तो आम्ही प्रत्येक ओवरीत वाचून दाखवू इच्छितो: काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हल्लेखोर हिंदूंपासून वाचविले, आणि ते करताना स्वतःचे प्राणही दिले. होमरच्या सहाव्या सर्गात ग्लॉकस आणि डायोमिडीस समोरासमोर येतात, आपल्या आजोबांचे अतिथ्याचे नाते आहे असे त्यांना कळते, आणि भर युद्धात ते शस्त्रांची अदलाबदल करून एकमेकांना सोडून देतात. मागाचे नाते त्याच जातीचे. त्यांच्यावर कोणी काव्य केले नाही.

शत्रूचे दुःख ऐकल्याने समाज दुबळा होतो, अशी एक समजूत आहे. ग्रीकांच्या बाबतीत तरी तिला आधार मिळत नाही. हे काव्य मुखोद्गत असलेले लोक लढाईत मागे नव्हते, आणि अलेक्झांडर 'इलियड'ची प्रत उशाशी ठेवून झोपे असे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. ज्यांना या काव्यांचा अभ्यास आरंभावयाचा असेल त्यांनी, आमच्या मते, पहिल्या सर्गापासून सुरुवात करू नये; चोविसावा आधी वाचावा, मग सहावा, मग 'इनीड'चा चौथा आणि शेवटचा; आणि त्याच आठवड्यात स्त्रीपर्व काढून वाचावे, पारायण म्हणून नव्हे, साक्ष म्हणून. भाषांतर चालेल. पुढे जमल्यास ग्रीक अक्षरे गिरवावीत. ती देवनागरीहून कितीतरी थोडी आहेत.

चोविसाव्या सर्गात एक गोष्ट घाईत नजरेआड होण्यासारखी आहे, ती तेवढी थांबून पाहावी. प्रायमला प्रेत देण्याचे कबूल केल्यावर अकिलीस दासींना सांगतो की, हेक्टरचा देह बाजूला नेऊन धुवा, बापाच्या नजरेस पडू देऊ नका. कारण म्हाताऱ्यास मुलाला पाहून राग आवरला नाही तर तो आपलाही राग चाळवील, आणि आपल्या हातून त्याचा घात होईल. अकिलीसला दया आलेली आहे, पण त्या दयेवर त्याचा भरवसा नाही. तो आधी व्यवस्था करतो. देह धुतला जातो, वस्त्रात गुंडाळला जातो, गाडीवर ठेवला जातो. मग दोघे एकत्र जेवतात. जेवण झाल्यावर एकमेकांकडे पाहत राहतात. आणि मग ज्याने हेक्टरला मारले तोच विचारतो की, त्याच्या अंत्यविधीस तुम्हांला किती दिवस लागतील, तितके दिवस मी सैन्य थांबवितो. प्रायम हिशेब करून सांगतो: नऊ दिवस घरात शोक, दहाव्या दिवशी दहन, अकराव्या दिवशी समाधीचा ढीग, आणि बाराव्या दिवशी, लढणे भागच असेल तर, पुन्हा लढू. अकिलीस म्हाताऱ्याचे मनगट धरतो, त्यास भीती वाटू नये म्हणून, आणि होकार देतो.